माहितीची राखण: शिक्षक-संशोधकांच्या प्रशिक्षणाचा आढावा

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या वर्गशिक्षकाकडे आज जी माहिती गोळा होते, तिची नुसती यादी केली तरी पान भरते. मुलाचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, जात-पोटजात, पालकांचा मोबाइल, शिष्यवृत्तीचे बँक खाते, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, वजन-उंची, गैरहजेरीचे कारण. विद्यापीठातला संशोधकही मागे नाही. कोणाच्या फोनमध्ये स्थलांतरित मजुरांच्या मुलाखती असतात, कोणाच्या लॅपटॉपवर रुग्णालयातले केसपेपर स्कॅन करून ठेवलेले असतात. ही माहिती कशी मागावी, कुठे ठेवावी, कोणाला द्यावी आणि कधी नष्ट करावी, हे या दोघांना कोणी आणि कितपत शिकवले, हा या लेखाचा विषय आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. त्यामुळे आजवर संगणक विभागाकडे ढकललेला हा विषय आता मुख्याध्यापक, प्राचार्य आणि पीएचडीचे मार्गदर्शक यांच्या टेबलावर आला आहे. प्रशिक्षण हवे, यावर सगळ्यांचे एकमत आहे. कशाचे, कोणी द्यायचे आणि त्याने काय साधेल, यावर मात्र मते बरीच दूर आहेत.

दोन वेगळी कामे

सुरक्षा आणि खासगीपण या दोन गोष्टी बहुतेक कार्यशाळांत एकाच तासात उरकल्या जातात. माहितीची सुरक्षा म्हणजे नको त्याला आत येऊ न देणे, नोंदीत फेरफार होऊ न देणे आणि गरजेच्या वेळी नोंद हाताशी असणे. खासगीपणाचा प्रश्न त्याच्या आधी सुरू होतो. ही माहिती घ्यायची गरज होती का? ज्याची आहे त्याला विचारले का? एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्याच कामाला लावली का?

स्वीडनमधल्या स्केलेफ्तेओ या गावातले उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथल्या एका शाळेने २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने घेण्याचा तीन आठवड्यांचा प्रयोग केला. माहिती चोरीला गेली नव्हती, संमतीही घेतलेली होती. तरीही २०१९मध्ये तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने दोन लाख क्रोनरचा दंड केला. शाळा आणि विद्यार्थी यांच्यातले नाते बरोबरीचे नसते, त्यामुळे अशा संमतीला अर्थ नाही आणि हजेरी घेण्याचे साधे मार्ग उपलब्ध होते, असे प्राधिकरणाचे म्हणणे होते. कुलूप भक्कम असूनही चूक झाली, कारण ती गोष्ट मुळात घरात आणायलाच नको होती. फक्त पासवर्ड शिकवणाऱ्या कार्यशाळेत हा मुद्दा येत नाही.

पार्श्वभूमी

भारतात या प्रशिक्षणाचे दोन प्रवाह वेगवेगळे वाहत आले. पहिला सुरक्षेचा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. महाराष्ट्रात २००१पासून एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरतेची परीक्षा सुरू झाली आणि सरकारी नोकरांसोबत हजारो शिक्षकांनी ती परीक्षा दिली. राज्यात शिक्षकवर्गाची संगणकाशी मोठ्या प्रमाणावर झालेली ही पहिली ओळख. केंद्राने २००५मध्ये माहिती सुरक्षा शिक्षण आणि जागृती हा प्रकल्प हाती घेतला. त्यात एका बाजूने तज्ज्ञ घडवायचे आणि दुसऱ्या बाजूने विद्यार्थी, शिक्षक, सरकारी कर्मचारी यांच्यात जागृती करायची, अशी विभागणी होती. २०१४मध्ये त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. जागृतीच्या कामात सी-डॅक या सरकारी संस्थेचा मोठा वाटा राहिला.

दुसरा प्रवाह खासगीपणाचा, आणि तो न्यायालयातून आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८मध्ये विधेयकाचा मसुदा दिला. २०१९मध्ये संसदेत मांडलेले विधेयक संयुक्त समितीकडे गेले, २०२२मध्ये मागे घेतले गेले आणि नव्या, आटोपशीर रूपात ऑगस्ट २०२३मध्ये कायदा झाले. मधल्या काळात, सप्टेंबर २०१८मध्ये, आधारच्या निकालात न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असे सांगितले होते.

संशोधनाच्या क्षेत्राची परंपरा याहून जुनी आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांना उपचारांपासून वंचित ठेवणाऱ्या संशोधनाचे टस्कगी प्रकरण १९७२मध्ये उघड झाल्यानंतर १९७९चा बेलमाँट अहवाल आला आणि माणसांवरच्या संशोधनात आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे रूढ झाली. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०००पासून अनुदान घेणाऱ्या संशोधकांना या विषयाचे शिक्षण सक्तीचे केले. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वे वैद्यकीय संशोधनाला लागू आहेत. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, भाषा, पत्रकारिता या विभागांत मात्र नीति समिती अनेक ठिकाणी अस्तित्वातच नाही, किंवा कागदावर आहे.

शाळेतली माहिती: एक तक्ता जवळून

महाराष्ट्रात २०१५च्या सुमारास शाळा आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींची ‘सरल’ प्रणाली आली. केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस या शालेय माहितीप्रणालीमध्ये २०२२-२३पासून शाळानिहाय आकड्यांऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवण्यासाठी, आधारशी पडताळलेले विद्यार्थी मोजले जाऊ लागले. एखाद्या मुलाच्या आधारवर नावातली वेलांटी चुकली तरी तो पटावरून कमी धरला जाण्याची धास्ती, आणि त्यातून पद अतिरिक्त ठरण्याची भीती. अशा वेळी शिक्षकाला माहितीचे रक्षण सुचत नाही, माहिती पूर्ण करणे सुचते.

मग काय घडते, ते राज्यातल्या शाळांच्या कुठल्याही केंद्रात (शाळासमूहात) विचारावे. केंद्रप्रमुखांकडून व्हॉट्सॲप गटावर एक्सेलचा तक्ता येतो. वर लिहिलेले असते, ‘आज सायंकाळी पाचपर्यंत, अति तातडीचे’. रकाने असतात विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, आधार क्रमांक, प्रवर्ग, खाते क्रमांक, आयएफएससी, मोबाइल. प्रत्येक शाळा आपापल्या ओळी भरून तक्ता पुन्हा त्याच गटावर टाकते. केंद्रातल्या दहा-पंधरा शाळांतल्या मुलांची माहिती आता गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरलेली असते. त्यात बदली होऊन गेलेले असतात, निवृत्त झालेलेही असतात. या साखळीत कोणीही हॅकर नाही, कोणाचा हेतू वाईट नाही, आणि कोणी नियम मोडला असे कोणाला वाटतही नाही.

लॉगिनचीही तीच गत. मुख्याध्यापकांच्या नावाचा पासवर्ड संगणकात हुशार असलेल्या एखाद्या तरुण शिक्षकाकडे असतो. नेट मिळत नाही म्हणून तो तालुक्याच्या सायबर कॅफेत दिला जातो, तिथल्या वहीत लिहून ठेवला जातो. नागपूर विभागात २०२५मध्ये बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण गाजले, तेव्हा वेतनप्रणालीतल्या ओळखी आणि लॉगिन कोणाच्या हाती असतात, हा प्रश्न एकदम ठळक झाला.

मोठ्या मंचांचा अनुभवही फारसा दिलासा देणारा नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने मे २०२२मध्ये ४९ देशांतल्या शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळांचा अहवाल काढला. तपासलेल्या उत्पादनांपैकी ८९ टक्क्यांच्या कार्यपद्धतीत मुलांच्या हक्कांना धोका दिसला. त्यात केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ हा आपला शैक्षणिक मंचही होता. जानेवारी २०२३मध्ये ‘वायर्ड’ नियतकालिकाने ‘दीक्षा’ची एक क्लाउड साठवण संरक्षणाविना उघडी राहिल्याचे दाखवून दिले. तिच्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांचे आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांचे तपशील होते. शिक्षकांचे प्रशिक्षण ज्या मंचावरून चालते, त्याच मंचावरून शिक्षकांची माहिती उघडी पडली होती.

संशोधकांची अडचण: नाव खोडले की झाले?

संशोधकांच्या बाबतीत सर्वांत पसरलेला समज असा, की उत्तरदात्याचे नाव काढून टाकले की माहिती निनावी झाली. संशोधक लतान्या स्वीनी यांनी अमेरिकेच्या १९९०च्या जनगणनेच्या आधारे दाखवले, की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टी एकत्र केल्या तर ८७ टक्के नागरिक एकेकटे वेगळे ओळखता येण्याची शक्यता आहे. २००८मध्ये हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी एका महाविद्यालयातल्या एका संपूर्ण तुकडीची फेसबुकवरची माहिती नावे काढून अभ्यासकांसाठी खुली केली. महाविद्यालयाचे नाव लपवलेले होते. सोबतच्या अभ्यासक्रमांच्या आणि विषयांच्या वर्णनावरून ते हार्वर्डच असल्याचे थोड्याच दिवसांत ओळखले गेले.

आपल्याकडे हा धोका अधिक आहे, कारण इथे जात आणि गाव हेच अर्धे ओळखपत्र असते. समजा, एका प्रबंधाच्या परिशिष्टात तालुक्याचे नाव, गावाची लोकसंख्या आणि पुढे ‘उत्तरदाती क्र. १७, पारधी, वय ३४, पदवीधर, अंगणवाडी सेविका, पतीकडून मारहाण’ अशी ओळ आहे. नाव कुठेच नाही. पण त्या तालुक्यात अशी बाई एकच असू शकते, आणि तिला ओळखणारे शेकडो असतात. पीएचडीचे प्रबंध आता इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’वर जगभर खुले असतात. ग्रंथालयाच्या कपाटात जी ओळ दोन-चार परीक्षकांनी वाचली असती, ती आज त्या बाईच्या गावातला कोणीही मोबाइलवर वाचू शकतो.

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि त्यातला एक तर मुंबईतच वापरात आहे. गोवंडीच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या समन्वयाने होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, अभ्यासकांना नकाशावरचे जे बिंदू दिले जातात ते मुद्दाम सरकवलेले असतात. शहरी समूह दोन किलोमीटरपर्यंत, ग्रामीण पाच किलोमीटरपर्यंत, आणि थोडे ग्रामीण समूह दहा किलोमीटरपर्यंत. विश्लेषणाचे काम अडत नाही आणि घरही सापडत नाही. हे तंत्र वापरणारे संशोधक देशात भरपूर आहेत, पण पदव्युत्तर वर्गात ते शिकवले जातेच असे नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०१९मध्ये पीएचडीपूर्व टप्प्यावर ‘संशोधन आणि प्रकाशन नीती’ हा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. त्याचे सहा घटक आहेत: तत्त्वज्ञान आणि नीती, वैज्ञानिक आचरण, प्रकाशन नीती, मुक्त प्रकाशन, प्रकाशनातील गैरवर्तन, डेटाबेस आणि संशोधनाची मोजमापे. वाङ्मयचौर्य आणि बनावट नियतकालिके यांचा त्या काळात जो उपद्रव होता, त्याचा ठसा या आखणीवर स्पष्ट आहे. उत्तरदात्याच्या माहितीचे रक्षण हा स्वतंत्र घटक मात्र त्यात नाही.

आज उपलब्ध असलेले प्रशिक्षण

तरीही पोकळी आहे असे म्हणता येणार नाही. शाळांतल्या शिक्षकांसाठी ‘निष्ठा’ हा प्रशिक्षण कार्यक्रम २०१९पासून आहे. कोविडच्या काळात तो ‘दीक्षा’वर ऑनलाइन आला. एनसीईआरटीची शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था सायबर सुरक्षेवर सातत्याने वेबिनार घेते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे, त्यात हा विषय बसवायला जागा आहे. महाराष्ट्रात पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) ही यंत्रणा तयार आहे. पोलिसांचे सायबर विभाग आणि स्वयंसेवी संस्था शाळांत व्याख्याने देतात.

उच्च शिक्षणात आयोगाने २०२२मध्ये पदवी आणि पदव्युत्तर स्तरासाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम सुचवला. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सायबर जागरूकता दिवस पाळण्याची प्रथा त्याच सुमारास रुजू लागली. प्राध्यापकांसाठीच्या मालवीय मिशन प्रशिक्षण केंद्रांच्या विषयांत माहिती तंत्रज्ञान आहे.

या सगळ्याचा आशय पाहिला तर दोन गोष्टी लक्षात येतात. बराचसा भर मुलांना ऑनलाइन फसवणूक, छळ आणि व्यसन यांपासून वाचवण्यावर आहे, म्हणजे शिक्षकाने मुलांना काय सांगावे यावर. शिक्षकाने स्वतःकडची मुलांची माहिती कशी सांभाळावी, हा भाग तुलनेने लहान. दुसरे म्हणजे सूर सावधानतेचा आहे: ओटीपी देऊ नका, अनोळखी दुवा उघडू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. हे सारे आवश्यकच आहे. पण वर सांगितलेल्या एक्सेलच्या तक्त्याचे काय करायचे, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

चार भूमिका

प्रशिक्षण कसे असावे, याविषयीच्या मतांचे ढोबळमानाने चार गट पडतात.

पहिली भूमिका सार्वत्रिक जागृतीची. बहुतेक हल्ले माणसाच्या चुकीतून आत शिरतात, तेव्हा प्रत्येक शिक्षक, लिपिक, संशोधक यांना प्राथमिक सवयी लावल्या पाहिजेत, असे ही बाजू सांगते. तिच्याकडे दाखले आहेत. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात ऑक्टोबर २०१९मध्ये आलेल्या फसव्या ई-मेलमधून शिरलेल्या हल्लेखोरांनी डिसेंबरमध्ये यंत्रणा बंद पाडली आणि विद्यापीठाला ३० बिटकॉइनची खंडणी मोजावी लागली. दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर सुमारे दोन आठवडे केसपेपर हाताने लिहावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थांची ही अवस्था, तर गावच्या महाविद्यालयाची काय कथा, हा या बाजूचा प्रश्न.

दुसरी भूमिका व्यवस्थेच्या रचनेची. ॲन ॲडम्स आणि अँजेला सास यांनी १९९९मध्येच मांडले होते, की वापरणारा माणूस हा शत्रू नव्हे; अशक्य नियम लादले की तो पळवाटा शोधतोच. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने आपल्यावरच्या २०१८च्या हल्ल्याचा अहवाल पुढच्या वर्षी स्वतःहून प्रसिद्ध केला. त्यात पहिला ई-मेल कोणत्याही दुव्यावर क्लिक न करता, नुसता दिसल्यानेच काम करून गेल्याचे नोंदवले आहे. तिथे सावधगिरीचे प्रशिक्षण काय करणार होते? या मताचे लोक म्हणतात, व्हॉट्सॲपवर तक्ते मागवणे थांबवा, प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या, दुहेरी पडताळणी आपोआप लागू करा. शिक्षकाला शिकवण्याआधी पोर्टल सुधारा.

तिसरी भूमिका कायद्याच्या पालनाची. नव्या कायद्यानुसार पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि मुलांविषयीच्या तरतुदी मोडल्यास २०० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तींना विनाविलंब कळवायचे आहे आणि माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा आहे. शिवाय सर्ट-इन या केंद्राच्या सायबर यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. म्हणून प्रशिक्षण भूमिकेनुसार, लेखी आणि तपासता येण्याजोगे असावे, असे या बाजूला वाटते. ब्रिटनमध्ये संवेदनशील माहितीसंच हाताळू पाहणाऱ्या संशोधकाला आधी प्रशिक्षण घेऊन चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते, मगच दार उघडते. तेच प्रारूप इथे आणावे, अशी सूचना या गटातून येते.

चौथी भूमिका हक्कांची आणि नीतीची. खासगीपण हा मूलभूत हक्क असेल, तर त्याचे शिक्षण तंत्राच्या तासाला न देता संशोधनपद्धतीच्या आणि अध्यापनशास्त्राच्या तासाला दिले पाहिजे. बी.एड.च्या विद्यार्थ्याने मूल्यमापन शिकताना गुणपत्रक भिंतीवर लावावे का, याची चर्चा करावी. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रश्नावली बनवतानाच प्रत्येक प्रश्नापुढे ‘हे विचारणे गरजेचे का’ असे लिहावे. संमतीचा कागद अंगठा घेण्यापुरता नसावा. या भूमिकेवर आक्षेप असा, की ती चांगल्या प्राध्यापकावर फार अवलंबून राहते आणि लाखो शिक्षकांपर्यंत नेता येत नाही.

या चार भूमिका एकमेकींना पूर्णपणे छेद देत नाहीत. पण वेळ आणि पैसा मर्यादित असताना आधी काय, हे ठरवावे लागते आणि तिथे वाद सुरू होतो.

प्रशिक्षणाचा उपयोग होतो का?

पुरावा संमिश्र आहे. पोन्नुरंगम कुमारगुरू आणि कार्नेगी मेलनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९च्या सुमारास दाखवले, की फसव्या ई-मेलला बळी पडलेल्या माणसाला त्याच क्षणी, थोडक्यात आणि चित्रांतून समजावले तर चार आठवड्यांनीही परिणाम टिकतो. पुढचे मोठे प्रयोग इतके आशादायक नाहीत. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या संशोधकांनी एका कंपनीतल्या १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा १५ महिने अभ्यास केला. असे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना सावध करण्याऐवजी कधी कधी अधिक निर्धास्त करते, असे त्यांना आढळले. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आरोग्यसंस्थेत १९,५०० कर्मचाऱ्यांवर आठ महिने झालेल्या आणि २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षण घेतलेले आणि न घेतलेले यांच्यातला फरक सरासरी १.७ टक्के निघाला.

याचा अर्थ प्रशिक्षण फुकट, असा काढणे घाईचे होईल. हे अभ्यास फसव्या ई-मेलपुरते आहेत. कोणती माहिती घ्यावी, कोणती देऊ नये, कधी नष्ट करावी, या निर्णयांवर प्रशिक्षणाचा काय परिणाम होतो, हे मोजणे अवघड आहे. झुरिकच्याच अभ्यासात एक गोष्ट चांगली ठरली: संशयास्पद ई-मेल कळवण्यासाठी सोपे बटण दिले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी ते महिनोन्महिने न थकता वापरले. माणसांना काहीतरी करता येईल अशी सोय दिली, तर ती करतात. नुसत्या उपदेशाचा परिणाम कमी दिसतो.

आपल्याकडे यशाचे माप बहुधा प्रमाणपत्रांच्या संख्येत दिले जाते. व्हिडिओ संपला, पाच प्रश्नांची उत्तरे दिली, प्रमाणपत्र उतरवून घेतले. त्यानंतर शाळेतला एखादा तक्ता कमी झाला का, किंवा एखाद्या विभागाने जुन्या मुलाखती नष्ट केल्या का, याची विचारणा होत नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न जबाबदारीचा. शाळेतल्या माहितीचा जबाबदार धनी कोण, मुख्याध्यापक, संस्था, शिक्षण विभाग की पोर्टल चालवणारी कंपनी? कायद्यात शासनाला बऱ्याच सवलती आहेत. मागणी वरून येते आणि चूक खालच्या हातून होते, अशा रचनेत प्रशिक्षण म्हणजे दोष खाली सरकवण्याची सोय ठरेल, ही शिक्षकांची भीती निराधार म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न वयाचा. कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांवर पाळत आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती यांना बंदी आहे. शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी लक्ष ठेवण्यास नियमांनी शिक्षणसंस्थांना सूट दिली आहे. या सवलतीची हद्द कुठे संपते? वर्गातला सीसीटीव्ही त्यात बसतो, पण मुलाच्या वाचनाच्या सवयी नोंदवणारे खासगी ॲप बसते का? आणि अकरावीच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या सतरा वर्षांच्या मुलीची मुलाखत घेणाऱ्या संशोधकाने, तिच्या घरच्याच जाचाबद्दल विचारण्यासाठी, घरच्यांची परवानगी कशी मागायची?

तिसरा प्रश्न संशोधनाच्या सवलतीचा. संशोधन, अभिलेख आणि सांख्यिकी या कामांना कायद्याने सूट दिली आहे, मात्र त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाऊ नये आणि नियमांत दिलेली मानके पाळली जावीत, अशा अटी आहेत. ही मानके तत्त्वांच्या भाषेत आहेत. ती एका विभागाच्या रोजच्या कामात कशी उतरवायची, याच्या पुस्तिका अजून घडायच्या आहेत. दुसऱ्या बाजूला, याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ)मध्ये केलेल्या बदलामुळे सार्वजनिक हिताची माहिती मिळवणे अवघड होईल, अशी चिंता संशोधक आणि पत्रकार व्यक्त करतात. व्यक्तीची माहिती जपणे आणि सत्तेची माहिती उघडी ठेवणे, दोन्ही संशोधकाला हवे असते. प्रशिक्षणात या ताणाची चर्चा अभावानेच होते.

चौथा प्रश्न नव्या साधनांचा. उत्तरपत्रिका तपासायला किंवा मुलांचे अहवाल लिहायला शिक्षक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटचा आधार घेऊ लागले आहेत. मराठी मुलाखतींचे लिप्यंतर करायला संशोधक ध्वनिफिती परदेशी सेवांवर चढवतात. काम तासांवरून मिनिटांवर येते, पण उत्तरदात्याने संमती संशोधकाला दिली होती, त्या कंपनीला नव्हे. यावर सरसकट बंदी घालावी, की संस्थेने स्वतःच्या ताब्यातली साधने द्यावीत, याचा निर्णय बहुतेक विद्यापीठांत झालेला नाही.

पाचवा प्रश्न भाषेचा आणि वेळेचा. कायद्यानुसार संमती मागतानाची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत उपलब्ध करावी लागेल, म्हणजे मराठीतही. प्रशिक्षणाचे चांगले साहित्य मात्र अजून प्रामुख्याने इंग्रजीत आहे आणि त्यातली उदाहरणे कॉर्पोरेट कार्यालयातली असतात. शिवाय शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांच्या वाट्याला येतातच. त्यात पोर्टलची भर. आणखी एका सक्तीच्या ऑनलाइन वर्गाचे स्वागत कसे होईल, हे सांगायला नको.

आढाव्याचा अर्थ

उपलब्ध पुरावा आणि मांडलेली मते एकत्र ठेवली, तर काही गोष्टी बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येतात. सर्वांसाठी एकच व्हिडिओ हा मार्ग सोपा असला तरी त्याचा परिणाम तोकडा आहे. वर्गशिक्षक, पोर्टलचे काम पाहणारा लिपिक, मुलाखती घेणारा संशोधक आणि माहितीसंच खुला करणारा प्रकल्पप्रमुख यांच्यापुढचे निर्णय वेगळे आहेत, तेव्हा त्यांचे शिक्षणही वेगळे हवे. सुरक्षेइतकेच वजन माहिती कमी घेणे, ओळख पुसणे आणि वेळेवर नष्ट करणे या कौशल्यांना मिळायला हवे. पीएचडीच्या अनिवार्य अभ्यासक्रमात यासाठी एक घटक घालणे हा यातला सर्वांत कमी खर्चाचा बदल आहे. आणि प्रशिक्षणासोबत व्यवस्थाही बदलली नाही, तर शिकलेला शिक्षकसुद्धा संध्याकाळी पाचच्या आत तोच तक्ता त्याच गटावर टाकेल.

नियमांच्या वेळापत्रकानुसार कायद्याच्या मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू होतात. तोवर प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक संशोधन विभागाने एक काम तरी पूर्ण करावे: आपल्याकडे कोणाची, कोणती माहिती, कुठे आणि कशासाठी आहे, याची यादी. ज्या नोंदीपुढे ‘कशासाठी’चे उत्तर लिहिता येणार नाही, ती ठेवण्याचे कारण उरलेले नाही असे समजावे.